भिंतीला लोणा लागतो तेव्हा

शहराच्या मध्यवस्तीतला एखादा पडीक वाडा जतन करायचं ठरलं, की बातमीत एक वाक्य हमखास असतं : भिंतींना सिमेंटचा गिलावा करून मजबुती देणार. ते वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो. सिमेंट मजबूत असतं, यात वाद नाही. पण वीट-चुन्याच्या भिंतीला खातं ते मीठ, आणि सिमेंट त्या मिठाला सामील होतं.

अशाच एका वाड्यात नुकताच जाऊन आलो. सिमेंटचा गिलावा वरून ठणठणीत दिसत होता. पेराने ठोकला तर बद्द वाजला. एक पोपडा हातातच आला आणि मागून विटेचा भुगा ओघळला. विटेला बोट लावलं, ते आत गेलं. भुग्यात बारीक पांढरे कण चमकत होते. हाच लोणा.

कंदिलाच्या वातीत तेल चढतं तसं जमिनीतलं पाणी विटेच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढतं. 1 मायक्रोमीटर त्रिज्येच्या नळीत ते हिशेबाने 15 मीटर चढायला हवं. प्रत्यक्षात ओल बहुधा मीटरभर उंचीवर थांबते, कारण तेवढ्यात पाणी भिंतीवरून उडून जातं. त्या भिंतीवर सिमेंट थापलं की उडायची वाट बंद होते आणि ओल आणखी वर सरकते. त्यात मध्यवस्तीतला रस्ता दरवेळी डांबराच्या थराने उंच होतो, जोतं बुडतं, भोवतालची माती फरशीखाली जाते. ओलीला बाहेर पडायला उरतात त्या वाड्याच्या भिंती.

पाणी उडतं, त्यातले क्षार मागे राहतात. पृष्ठभागावर राहिले तर केरसुणीने झाडता येतात. गिलाव्याच्या मागे राहिले तर घात.

आता माझा लाडका क्षार, सोडियम सल्फेट. त्याची दोन रूपं : कोरडं थेनार्डाइट आणि पाण्याचे 10 रेणू धरून बसलेलं मिराबिलाइट. भिंत सुकताना फुटते असा आपला समज. या क्षाराच्या बाबतीत सर्वांत मोठी पडझड सुकलेली भिंत पुन्हा भिजते तेव्हा होते! 20 अंश सेल्सिअसच्या आसपास थेनार्डाइट मिराबिलाइटपेक्षा पुष्कळ जास्त विरघळतं. त्यामुळे ते विरघळून झालेलं द्रावण मिराबिलाइटच्या मानाने अतिसंपृक्त असतं, म्हणजे त्यात मावेल त्याहून जास्त क्षार असतो, आणि त्यातून लगेच मिराबिलाइटचे स्फटिक धरू लागतात. तेवढ्याच सोडियम सल्फेटला आता चौपट जागा लागते. पण नुसत्या जागेने वीट फुटत नाही. स्फटिक छिद्राच्या कडेला टेकला तरी मध्ये काही नॅनोमीटर जाडीचा पाण्याचा पापुद्रा शिल्लक असतो. त्यातून नवे आयन येऊन स्फटिकाला जोडले जातात, म्हणून तो टेकल्यावरही वाढतो आणि ढकलत राहतो. हा दाब अतिसंपृक्ततेच्या लॉगॅरिदमच्या प्रमाणात असतो आणि 10 मेगापास्कलच्या घरात जाऊ शकतो. ताण सोसायची वेळ आली तर जुन्या विटेला 2-3 मेगापास्कलही जड जातात. त्यातून जोसेफ अॅस्पडिनने 1824 मध्ये ज्याचं पेटंट घेतलं, ते पोर्टलंड सिमेंट स्वतःचे अल्कली आणि सल्फेट, म्हणजे अशाच क्षारांचा कच्चा माल, घेऊनच भिंतीवर येतं.

रिकाम्या वाड्यात रात्री माती गळते, भिंती कुरकुरतात, म्हणून वाडा झपाटलेला ठरतो. रात्री हवा गार आणि दमट होते. आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास गेली की थेनार्डाइट पाणी धरू लागतं. मांत्रिकाऐवजी आर्द्रतामापक आणा. आणि भिंतीवर टांगलेला डबा लहरी सोडून ओल खाली उतरवतो असं सांगणाऱ्या विक्रेत्यालाही त्याच दाराने बाहेर काढा.

उपाय साधे, पण सावकाशीचे. आधी छप्पर आणि पन्हळी, मग जोत्याभोवतीची जमीन उतरवणं, मग सिमेंट हलक्या हाताने खरवडणं. शेवटी चुना. चुनखडी 900 अंशांच्या आसपास भाजून चुनकळी करायची, ती पाण्यात विरवायची. गिलावा झाला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो, ढोबळमानाने महिन्याला मिलिमीटरभर. उद्घाटनाची तारीख आधी ठरलेली असेल तर हे गणित बसत नाही.

हा गिलावा सच्छिद्र आणि विटेपेक्षा मऊ असतो. क्षार त्याच्यात येऊन साठतात आणि विटेऐवजी तोच झडतो. काही वर्षांनी खालचा हातभर पट्टा पडला, की 'काम कच्चं झालं' म्हणून गवंड्याला बोल लावतात. तेवढाच पट्टा काढून नवा लावायचा असतो.