फाइल सर्व्हरच्या मेमरीची गळती: एका जुन्या चुकीची पार्श्वभूमी

२० सप्टेंबर २०१७ रोजी सांबा, म्हणजे युनिक्स वा लिनक्स यंत्रावरील फायली विंडोजच्या संगणकांना वापरू देणारे सॉफ्टवेअर, बनवणाऱ्या प्रकल्पाने आपल्या फाइल सर्व्हरच्या ४.६.८, ४.५.१४ आणि ४.४.१६ अशा तीन आवृत्त्या एकदमच प्रसिद्ध केल्या. त्यांत दुरुस्त केलेल्या त्रुटींपैकी, सुरक्षा त्रुटींच्या सार्वजनिक यादीतील सीव्हीई-२०१७-१२१६३ या क्रमांकाची त्रुटी वरवर पाहता किरकोळ वाटावी अशी होती. ज्याला एखाद्या सामायिक फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी आहे, असा क्लायंट, म्हणजे सर्व्हरला जोडलेला संगणक, सर्व्हरच्या मेमरीतील काही मजकूर त्या फोल्डरमधल्या फाइलमध्ये उतरवून घेऊ शकत होता आणि मग तीच फाइल उघडून तो निवांत वाचू शकत होता. छीहू ३६० या चिनी कंपनीतील संशोधकांनी ही त्रुटी कळवली होती, आणि तिचा परिणाम कोणत्या आवृत्त्यांवर होतो या रकान्यात प्रकल्पाने एवढेच लिहिले होते की सांबाच्या सर्व. हा शब्द अतिशयोक्तीचा नव्हता, कारण चुकीचे मूळ सांबाच्याही जन्माच्या मागे जाते.

सांबा ज्या प्रोटोकॉलवर, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलण्याच्या ठरीव नियमांवर, चालतो, तो एसएमबी म्हणजे सर्व्हर मेसेज ब्लॉक. आयबीएममध्ये बॅरी फायगनबॉम यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी त्याची आखणी केली, ती डॉसवर चालणाऱ्या आणि एकाच इमारतीत एकमेकांशी जोडलेल्या संगणकांसाठी. पुढे मायक्रोसॉफ्टने तो लॅन मॅनेजरमध्ये आणि नंतर विंडोजमध्ये घेतला व वाढवत नेला. वाढवत नेला याचा अर्थ येथे शब्दशः घ्यावा लागतो. जुनी आज्ञा रद्द न करता तिच्या शेजारी नवी आज्ञा ठेवायची, अशी ती पद्धत होती. फाइलमध्ये लिहिणे या एकाच कामासाठी एसएमबीच्या पहिल्या पिढीत साधे लिहिणे, लिहून कुलूप काढणे, लिहून फाइल बंद करणे, छपाईच्या रांगेत लिहिणे आणि यांशिवाय आणखीही काही वेगवेगळ्या आज्ञा होत्या. त्यांतील प्रत्येक आज्ञा हाताळणारा कोड वेगळा, आणि म्हणून प्रत्येक ठिकाणी करायची तपासणीही वेगळी.

सांबाची सुरुवात १९९१च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे झाली. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत संशोधन करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांना युनिक्स यंत्रावरील डिस्क डॉसच्या संगणकावरून वापरायची होती. प्रोटोकॉलची कागदपत्रे हाताशी नसल्याने त्यांनी तारेवरून जाणारी पॅकेट पकडून, ती वाचून, त्यांचा अर्थ लावला. या पद्धतीला ते पुढे फ्रेंच कॅफेची उपमा देत असत: भाषा येत नसलेला माणूस उपाहारगृहात बसून राहतो, कोणी काय म्हटल्यावर वेटर काय आणून देतो हे पाहतो, आणि त्यावरून शब्द शिकतो. (‘सांबा’ हे नावही असेच हाती लागलेले आहे. आधीच्या नावाला व्यापारचिन्हाची अडचण आल्यावर त्यांनी शब्दसूचीत एस, एम आणि बी ही अक्षरे त्याच क्रमाने येणारे शब्द शोधले, आणि निघालेल्या यादीत तो होता.) मायक्रोसॉफ्टकडून अधिकृत तपशील मिळण्याचा करार व्हायला २००७चा डिसेंबर उजाडला, तोही युरोपीय आयोगाच्या खटल्यानंतर. माझ्या मते या इतिहासाचा गळतीशी थेट संबंध आहे. ऐकून शिकलेल्या भाषेत सभ्य गिऱ्हाइके काय बोलतात ते नेमके कळते, पण खोटे बोलणारे गिऱ्हाईक काय बोलेल हे ऐकायला मिळतच नाही, आणि १९९२मध्ये तसे गिऱ्हाईक त्या जाळ्यावर जवळपास नव्हतेही.

आता प्रत्यक्ष संदेशाकडे पाहू. साध्या लिहिण्याच्या आज्ञेत किती बाइट लिहायचे हे क्लायंट आरंभी १६ बिटांच्या एका रकान्यात सांगतो, म्हणजे कमाल आकडा ६५,५३५. त्याच संदेशात पुढे माहितीच्या भागाची एकूण लांबी दिलेली असते, त्याही पुढे प्रत्यक्ष मजकुराची लांबी पुन्हा दिलेली असते, आणि हे सगळे ज्या पॅकेटमध्ये गुंडाळून येते त्याची स्वतःची लांबी असते ती वेगळीच. एकच गोष्ट चार ठिकाणी सांगितली जाते आणि प्रामाणिक क्लायंटच्या संदेशात चारही आकडे एकमेकांशी जुळतात. ते जुळले नाहीत तर कोणावर विश्वास ठेवायचा, हा प्रश्न सर्व्हरने स्वतःला विचारायला हवा होता. सांबाच्या काही जुन्या आज्ञांत तो पुरेसा विचारला गेलेला नव्हता. क्लायंटने मोठा आकडा लिहून त्याहून कमी मजकूर पाठवला, तरी सर्व्हर सांगितलेला आकडा पुरा करण्यासाठी आलेल्या मजकुराच्या पलीकडे मेमरीत जे काही पडलेले असेल ते उचलून फाइलमध्ये लिहीत असे. सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामला मेमरीचा एक तुकडा कोठे संपतो हे आपोआप कळत नाही आणि वापरून सोडलेली मेमरी आपोआप कोरीही होत नाही, त्यामुळे पलीकडे आधीच्या कामांचे अवशेष असण्याची शक्यता नेहमीच असते. सांबा प्रत्येक जोडणीसाठी वेगळी प्रक्रिया सुरू करतो, म्हणून एका क्लायंटला दुसऱ्याची संपूर्ण मेमरी मिळते असे नाही. मेमरीचा नेमका कोणता भाग मिळावा हेही हल्लेखोराच्या हातात नव्हते. यांतील पहिली मर्यादा मात्र पुढच्या काही प्रकरणांत उरली नाही.

असा प्रकार जगाने तोवर पाहिलेला नव्हता असे नाही. ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झालेल्या हार्टब्लीड या त्रुटीत ओपनएसएसएल या सांकेतिक जोडण्या हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरने हेच केले होते: समोरच्याने १६ बिटांच्या रकान्यात जी लांबी सांगितली तेवढी मेमरी, म्हणजे एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत, परत पाठवून दिली होती. तेव्हा प्रत्येक प्रोटोकॉलमधील लांबीचे रकाने पुन्हा तपासायला हवेत असे पुष्कळांनी म्हटले. तरीही सांबातील जुन्या आज्ञांपर्यंत ती नजर पोहोचायला साडेतीन वर्षे लागली. याचे एक कारण असे की हार्टब्लीडमध्ये गळलेली मेमरी उत्तरात परत येते, आणि म्हणून शोधणाऱ्यांची नजरही उत्तर देणाऱ्या कोडवर राहते. फाइल सर्व्हरमध्ये तीच मेमरी आधी डिस्कवर जाते आणि मग वाचण्याच्या पूर्णपणे कायदेशीर आज्ञेने बाहेर येते. बाहेर येण्याचे दार सर्व्हरने स्वतःहूनच उघडे ठेवलेले असते, कारण फायली देणे हेच त्याचे काम.

२०१७ हे वर्ष एसएमबीसाठी तसेही वाईट गेले होते. १२ मे रोजी विंडोजच्या एसएमबीमधील त्रुटीचा फायदा घेणारा वॉनाक्राय हा खंडणी मागणारा प्रोग्राम पसरला, आणि त्यानंतर १२ दिवसांनी सांबातील सीव्हीई-२०१७-७४९४ जाहीर झाली, जिच्यामुळे लिहिण्याची परवानगी असलेला क्लायंट सर्व्हरवर आपला कोड चालवू शकत होता. त्या गदारोळापुढे सप्टेंबरमधील मेमरीची गळती मागे पडली. तीवर तात्पुरता उपाय सोपा होता: सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घालून किमान प्रोटोकॉल म्हणून एसएमबीची दुसरी पिढी ठरवायची, म्हणजे जुन्या आज्ञा येतच नाहीत. मायक्रोसॉफ्टने विंडोज विस्टासोबत आणलेल्या या दुसऱ्या पिढीत शंभरावर आज्ञांच्या १९च केल्या होत्या, आणि त्यांत लिहिण्याची आज्ञा एकच राहिली. सांबाने मात्र पहिली पिढी आपणहून बंद ठेवायला २०१९मधील ४.११ ही आवृत्ती यावी लागली. दरम्यान नोव्हेंबर २०१७मध्ये सीव्हीई-२०१७-१५२७५ या क्रमांकाने आणखी एक गळती दुरुस्त झाली होती. तीत सर्व्हर उत्तरासाठी घेतलेली मेमरी साफ न करताच पाठवू शकत होता, आणि अशा मेमरीत पासवर्डचे हॅश, म्हणजे पासवर्डवरून काढलेल्या सांकेतिक खुणाही असू शकतात, असे प्रकल्पाने स्वतःच सांगितले होते.

जुना प्रोटोकॉल गेला की चूकही जाईल, हा समज २०२०मध्ये खोटा ठरला. त्या वर्षीच्या जूनमध्ये झेकऑप्स या कंपनीने विंडोज १० मधील एसएमब्लीड, म्हणजे सीव्हीई-२०२०-१२०६, उजेडात आणली. एसएमबीच्या ३.१.१ या नव्या रूपात संदेश दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, पाठवण्याची सोय आली होती आणि दाबलेला मजकूर उलगडल्यावर तो किती मोठा होईल हे क्लायंटच सांगत असे. क्लायंटने मोठा आकडा सांगायचा आणि आत थोडाच मजकूर ठेवायचा. उरलेली जागा न पुसलेल्या मेमरीने भरलेली राहते आणि सर्व्हर ती संदेशाचाच भाग समजतो. संशोधकांनी प्रात्यक्षिकासाठी नेमकी लिहिण्याची आज्ञा निवडली, म्हणजे ती मेमरी थेट फाइलमध्ये जाऊन पडली. सांबातील प्रकाराशी हे साम्य पाहून थक्क व्हायला होते, कारण हा कोड वेगळ्या माणसांनी, वेगळ्या दशकात लिहिलेला होता. फरक गंभीर होता तो असा की विंडोजमध्ये हे काम कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, चालते, त्यामुळे गळत होती ती कर्नलची मेमरी. तीतून मिळणारे मेमरीतील जागांचे पत्ते मार्च २०२०मधील एसएमबीघोस्ट या त्रुटीला जोडले, तर लॉगिन न करताही दूरवरून यंत्र ताब्यात घेता येते हे त्याच संशोधकांनी दाखवून दिले.

३१ जानेवारी २०२२ रोजी सांबाने जाहीर केलेली सीव्हीई-२०२१-४४१४२ थोडी वेगळ्या वळणाची होती. ॲपलच्या संगणकांशी जुळवून घेणाऱ्या ‘फ्रूट’ नावाच्या मॉड्यूलमध्ये लांबी संदेशातून नव्हे, तर फाइलला चिकटवलेल्या जादा माहितीतून घेतली जात होती. मात्र ती माहिती बदलण्याचा अधिकार क्लायंटकडेच असल्याने, बोलणारा अखेर तोच. येथे मर्यादेबाहेर वाचणे आणि लिहिणे दोन्ही शक्य होते. नेटवर्कवरच्या साठवणपेट्या, म्हणजे नॅस, मॅक वापरणाऱ्यांसाठी हे मॉड्यूल सर्रास चालू ठेवतात, आणि म्हणून या त्रुटीची झळ त्यांना अधिक होती.

लिनक्सच्या ५.१५ या कर्नलमध्ये २०२१च्या ऑक्टोबरअखेर केएसएमबीडी नावाचा नवा एसएमबी सर्व्हर दाखल झाला. वेग हा त्याचा मुख्य हेतू, आणि म्हणून त्याचे काम कर्नलच्या आतच. थालेस समूहातील थॅलियम पथकाने त्यात शोधलेल्या त्रुटी २२ डिसेंबर २०२२ रोजी सार्वजनिक झाल्या, आणि त्यांपैकी सीव्हीई-२०२२-४७९४० लिहिण्याच्या आज्ञेतच होती: मजकुराची लांबी नीट न तपासल्याने सर्व्हर बफरच्या, म्हणजे मजकुरासाठी राखलेल्या मेमरीच्या, पलीकडचे वाचत होता. सांबा, विंडोज आणि केएसएमबीडी असे तीन वेगळे कोड आणि आज्ञा तीच. दुरुस्ती ऑगस्टमध्येच कर्नलमध्ये पोहोचली होती, त्यामुळे ज्यांनी अपडेट घेतले होते त्यांना बातमी कळण्याआधीच संरक्षण मिळालेले होते.

या सगळ्या पॅचांनी पुढची गळती थांबते. सामायिक फोल्डरमधील फायलींत त्याआधी उतरलेले बाइट मात्र तेथेच राहतात, रात्रीच्या बॅकअपसोबत दुसऱ्या डिस्कवर जातात, आणि फाइलची मालकी ज्याच्याकडे आहे त्यानेच ती लिहिलेली असल्यामुळे सर्व्हरच्या नोंदवहीत ते इतर कोणत्याही लिखाणासारखेच दिसतात.