एका दाताचा फरक

टायमिंग बेल्ट घरीच बदलला, किल्ली फिरवली, इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झालं आणि डॅशबोर्डवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा पेटला तो पेटलाच. लातूर-नांदेडकडे आता याचं कोणाला नवल वाटत नाही. आयटीआय करून वाळूजच्या एखाद्या कारखान्यात काम केलेला भाचा-पुतण्या घरात असतो, व्हिडिओ पाहायला मोबाईल असतो, आणि जुन्या गाडीच्या बेल्टसाठी गॅरेजात पैसे मोजणं जिवावर येतं. घरी काम करायला माझी हरकत नाही. गडबड होते ती दिवा लागल्यावर. कोणीतरी स्कॅनर जोडतं, स्क्रीनवर दोषाचा कोड आणि कॅमशाफ्ट सेन्सरचं नाव दिसतं, मग नवा सेन्सर येतो, दिवा विझतो, आणि दोन दिवसांनी परभणीच्या वाटेवर पुन्हा हजर.

जुना सेन्सर बहुतेक वेळा चांगलाच असतो. तो काय सांगत होता, हे समजायला आधी बेल्टचं काम पाहावं लागेल.

पिस्टनच्या खाली-वर होण्याने क्रँकशाफ्ट फिरतो. हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडतो तो कॅमशाफ्ट. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक पूर्ण होतो, म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीपेक्षा बरोबर दुप्पट दात असतात. या दोघांना बांधून ठेवतो तो दातेरी रबरी पट्टा, म्हणजेच टायमिंग बेल्ट. आत काचतंतूंच्या दोऱ्या असल्यामुळे तो ताणला जात नाही. विक्रीच्या मोटारीत असा पट्टा पहिल्यांदा आला १९६२ मध्ये, जर्मनीच्या ग्लास कंपनीच्या १००४ या गाडीत. त्याआधी हे काम साखळी किंवा गिअर करत, आणि साखळी आजही अनेक इंजिनांत आहे.

आता हिशेब करू. समजा क्रँकच्या पुलीला २० दात आहेत आणि कॅमच्या पुलीला ४०. बेल्ट बसवताना एक दात सरकला, तर कॅम ९ अंश चुकला. क्रँकच्या मापात हीच चूक १८ अंशांची. इंजिन ८०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांनी, आयडलिंग करत असताना १८ अंश फिरायला क्रँकला पावणेचार मिलिसेकंद लागतात. कानाला हे कळणं अवघड आहे. इंजिन चालू होतं, फक्त पिकअप कमी वाटतो, आयडलिंगला गाडी थरथरते. कॅम मागे राहिला असेल, तर इनलेटचा व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. तोवर पिस्टन वर यायला लागलेला असतो आणि आत घेतलेली थोडी हवा आल्या वाटेने परत ढकलली जाते. कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या हवेवरचा दाब, पडतं.

कानाला जे कळत नाही ते इसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, कळतं. अनेक गाड्यांत क्रँकवर ६० दातांच्या मापाचं चाक असतं, त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले. उरले ५८. प्रत्येक दात ६ अंशांचा. जवळ बसवलेल्या सेन्सरसमोरून दात गेला की विजेचा ठोका मिळतो आणि गाळलेल्या जागेवरून फेरा कुठे सुरू झाला ते समजतं. कॅमवरही असाच सेन्सर असतो, बहुधा हॉल जातीचा. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या, वीज वाहणाऱ्या पट्टीच्या दोन कडांमध्ये व्होल्टेज तयार होतं, हे एडविन हॉल या अमेरिकी विद्यार्थ्याने १८७९ मध्ये दाखवलं. त्याच गुणावर हे सेन्सर चालतात. कॅमचा ठोका क्रँकच्या कितव्या दातावर पडायला हवा, हे संगणकाच्या स्मृतीत लिहिलेलं असतं. आपल्या उदाहरणात चूक १८ अंशांची, म्हणजे तो ठोका तीन दात पुढे किंवा मागे पडतो.

भजन चालू आहे आणि आपण भिंतीपलीकडे बसून ऐकतोय, असं समजा. पखवाज आणि टाळ जुळत नाहीत एवढं कानाला लागतं, पण चुकतोय कोण ते दिसत नाही. संगणकाची अवस्था तीच. बेल्ट त्याला दिसत नाही. त्याच्याकडे फक्त दोन ठेके येतात.

म्हणून कोड नीट वाचावा. पी०३४० म्हणजे कॅम सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड, पी०३३५ म्हणजे तेच क्रँक सेन्सरबाबत. यात ठोका येत नाही किंवा धड येत नाही. बेल्टच्या कामानंतर हे आले, तर पहिला संशय कनेक्टरवर: तो लावायचा राहिला, अर्धवट बसला, किंवा वायर कव्हरखाली चेंगरली. पी००१६ वेगळा. त्यात दोन्ही ठोके व्यवस्थित येतात, फक्त एकमेकांशी जुळत नाहीत. अशा वेळी सेन्सर बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. भारतात चारचाकींना ओबीडी-२ ही निदानव्यवस्था २०१३ पासून बंधनकारक झाली. त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट सापडतं आणि साधा ब्लूटूथ स्कॅनरही हा कोड दाखवतो. दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल, तर मात्र गाडी बाजूला घ्यावी. सिलिंडर मिस मारतोय, म्हणजे त्यातलं इंधन पेटत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरचं, धूर स्वच्छ करणारं महागडं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवून खराब करतं, असा त्याचा अर्थ.

“पण मामा, खुणा तर मी बरोबर लावल्या होत्या की!” हे वाक्य प्रत्येक वेळी ऐकू येतं आणि ते बहुतेक खरं असतं. पुल्यांवरच्या आणि इंजिनच्या अंगावरच्या खुणा जुळवताना जुळलेल्याच होत्या. त्या हलल्या नंतर, टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारी चकती, सोडल्यावर. बेल्टला दोन बाजू असतात: एक क्रँक ओढतो ती, दुसरी टेन्शनरची. सगळी ढील टेन्शनरच्या बाजूला असायला हवी. ओढीच्या बाजूला थोडी जरी ढील राहिली, तर टेन्शनर ती खेचून घेतो आणि त्याबरोबर कॅमही फिरतो. खुणा डोळ्यांसमोर निसटतात, पण तोवर आपण पान्हा ठेवून कव्हर शोधत असतो.

म्हणून बेल्ट चढवल्यावर, स्टार्टरला हात लावण्याआधी, पान्ह्याने क्रँक चालीच्या दिशेनेच दोन पूर्ण फेरे फिरवतात. दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो आणि पुल्यांच्या खुणा पुन्हा समोर यायला हव्यात. एकाच फेऱ्यावर थांबलात, तर कॅमची खूण उलट्या बाजूला दिसेल आणि उगाच घाम फुटेल. स्पार्क प्लग काढून ठेवले की फिरवणं हलकं जातं. मध्येच कुठे कडक अडलं, तर जोर लावू नये. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला असण्याची शक्यता असते. डिझेल इंजिनात वर जागा फारच कमी असल्याने तिथे ही भीती जास्त.

नव्या बेल्टवर रंगाच्या रेघा असतात, त्या फक्त बसवताना कामाच्या. दोन फेऱ्यांनंतर त्या जुळत नाहीत म्हणून अनेक जण बेल्ट पुन्हा उतरवतात. बेल्टला १०१ दात असतील आणि कॅमच्या एका फेऱ्यात ४० सरकत असतील, तर रेघा पुल्यांच्या खुणांवर परत यायला कॅमचे १०१ फेरे लागतील. पाहायचं ते पुल्यांवरच्या खुणांकडे.

दुरुस्ती यातच आली. इंजिन थंड होऊ द्यायचं, कव्हर उघडून खुणा पाहायच्या, दात चुकला असेल तर टेन्शनर ढिला करून ओढीची बाजू आधी ताणून बेल्ट पुन्हा चढवायचा, दोन फेरे, मग स्टार्ट. कोड स्कॅनरने पुसावा. बॅटरीची केबल काढून ठेवण्याची युक्ती आपल्याकडे लाडकी आहे, पण तिने इंधनाच्या मिश्रणाबद्दल संगणक शिकलेलंही पुसलं जातं आणि गाडी काही दिवस अडखळते. कोड पुसला नाही तरी दोष खरंच गेला असेल, तर साधारण तीन निर्दोष ड्राइव्ह सायकलनंतर, म्हणजे गाडी सुरू करून चालवून बंद करण्याच्या तीन खेपांनंतर, दिवा आपोआप विझतो.

जुन्या डिझेल इनोव्हातला टी-बेल्टचा दिवा याच्याशी गल्लत करून पाहू नये. तो फक्त किलोमीटर मोजतो. नवा बेल्ट घातला तरी रिसेट केल्याशिवाय जात नाही.

कव्हर मात्र परत बसवा. “पुढच्या वेळी सोपं जाईल” म्हणून खालचं कव्हर न लावण्याची सवय काही गॅरेजांत आहे. काळ्या मातीची धूळ आणि खडे बेल्ट-पुलीच्या मध्ये जायला तेवढी फट पुरते. मे महिन्यात नांदेड-परभणीचा पारा ४२-४३ वर असतो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. उष्णतेने रबर ऑक्सिजनशी लवकर संयोग पावून कडक होतं. गाडी कमी फिरली तरी बेल्टला वर्षांची मुदत असते ती यामुळेच.

आणि खुणा अचूक असूनही पी००१६ परत आला तर? मग क्रँकच्या पुलीची चावी पाहावी, तो अर्धचंद्राकृती पोलादी तुकडा. मधला बोल्ट पुरेसा आवळला गेला नसेल, तर ती चावी झिजते आणि पुली शाफ्टवर किंचित मागेपुढे खेळते. काही इंजिनांत दातांचं चाक पुलीजवळच असतं आणि पुली उपसताना त्याचा दात वाकतो. व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा असलेल्या गाडीत ऑइल कमी किंवा घाण असेल, तरी हाच कोड येतो, तेव्हा डिपस्टिक आधी ओढून पाहावी. ते काम मिनिटाभराचं आणि फुकटचं आहे.