‘जपून’चा ‘जून’ कसा झाला?

आमच्या सदाशिव पेठेतल्या सोसायटीचे सेक्रेटरी काका मराठी टाइप करतात ते इनस्क्रिप्टमध्येच, म्हणजे एका बटणाला एक मराठी अक्षर अशा कीबोर्डच्या मांडणीत. जुलैतल्या एका रविवारी ते लॅपटॉप बगलेत मारून आले. पडद्यावर नोटीस होती: ‘ाणी जून वारावे.’

“पाणी जपून वापरावे असं लिहिलंय मी. हा ‘प’ रुसलाय. व्हायरस असेल, बघ जरा.”

व्हायरसवर आळ घ्यायची आपल्याला सवयच झाली आहे. मी नोटपॅड उघडून त्यांना एकेक बटण दाबायला लावलं. ‘प’बरोबर ‘ट’ही मेलेला निघाला, आणि वर जाणारा बाणसुद्धा. तो बाण काकांनी कधी वापरलाच नव्हता.

बाण बंद आहे हे कळलं आणि माझं अर्धं काम झालं. लॅपटॉप पुन्हा सुरू करून बायॉसच्या पडद्यात गेलो. तिथे विंडोज अजून जागं झालेलं नसतं, व्हायरस नाही, भाषेची सेटिंग नाही, काही नाही. खालचा बाण चालला, वरचा नाही. म्हणजे दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. (उलटही होतं. विंडोजमध्ये उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की ‘फिल्टर कीज’ सुरू होऊ शकतं, मग चटकन दाबलेलं बटण उमटतच नाही आणि चांगला कीबोर्ड बिघडलेला वाटतो.)

पण एकमेकांपासून इतकी लांबची तीन बटणं एकदम कशी जातील?

लॅपटॉपला ऐंशीच्या वर बटणं असतात. प्रत्येकाला वेगळी तार द्यायची तर तारांचा जुडगाच होईल. म्हणून आडव्या-उभ्या रेघांची जाळी करतात. समजा ८ रेघा एका बाजूच्या आणि १६ दुसऱ्या बाजूच्या, तर २४ रेघांत १२८ छेद मिळतात. प्रत्येक छेदावर एक बटण. या रेघा प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यांवर चांदीच्या शाईने छापलेल्या असतात. वरच्या आणि खालच्या पत्र्यामध्ये भोकं पाडलेला तिसरा पत्रा असतो. बटण दाबलं की त्याखालची रबराची टोपी दबते आणि भोकातून वरची रेघ खालचीला टेकते. आत बसलेली कंट्रोलर चिप एकेका रेघेवर क्षणभर वीज सोडून ती पलीकडे कुठे उमटते ते बघते आणि सगळ्या जाळीवरून सेकंदाला शंभरेक वेळा तरी फिरते.

विसर्जनाला लक्ष्मी रस्ता बंद झाला की बेलबाग चौकही अडतो आणि अलका टॉकीजचा चौकही. दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत, एवढंच त्यांचं नातं. काकांचे ‘प’, ‘ट’ आणि बाण असेच एका रेघेवर असणार. कुठली बटणं एका रेघेवर येतात हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. एकच बटण मेलं असतं तर मी आधी त्याखाली कचरा शोधला असता, आणि सगळीच मेली असती तर कीबोर्डला आतल्या बोर्डाशी जोडणारी पट्टी सुटली का ते पाहिलं असतं.

अक्षर न उमटणं आणि नको ते उमटणं यांतही फरक आहे. उमटत नाही तेव्हा बहुधा रेघ तुटलेली असते. एक दाबल्यावर दोन वेगळी अक्षरं आली तर दोन रेघा कुठेतरी जुळल्या आहेत. दमट हवेत, वीज खेळत असताना, चांदीचे कण एका रेघेतून निघून शेजारच्या रेघेकडे फांद्यांसारखे वाढतात. पुण्याच्या पावसाळ्यात, त्यात गोड चहा सांडलेला असला तर, त्यांना रान मोकळं. तेच अक्षर दोनदा आलं तर संपर्क खराब झालेला असतो. दोन रेघा टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात. तेवढं चिप कानाआड करते, पण थरथर लांबली की तिला ते दोन ठोके वाटतात.

मागचं झाकण काढून आधी बॅटरीची जोडणी सोडवली. (कीबोर्ड मधोमध फुगलेला दिसला तर मात्र यातलं काही करू नका. बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जिंग थांबवा आणि थेट दुकानात न्या.) पट्टी काढून, पुसून परत बसवली, फरक नाही. मग कीबोर्डच बाहेर काढला. पत्र्यावर वाळलेला तपकिरी डाग होता, त्याच्या काठाला चिकटून एक मेलेली मुंगी. रेघ सलग आहे का हे बघायला मल्टीमीटर लावला. शेजारच्या रेघांवर तो आकडा दाखवत होता, डागाखालून जाणाऱ्या रेघेवर काहीच नाही.

“काका, चहा?”

“छे! लॅपटॉपजवळ मी चहा आणतच नाही. पावसाचं पाणी असेल.”

मुंगीकडे मी नुसतं बोट दाखवलं. ही रेघ घरी जोडणं फारसं टिकत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून अख्खा कीबोर्डच आणला.

नोटीस मात्र काकांनी माझ्याकडे येण्याआधीच छापून लावली होती. ती अजून जिन्यात आहे. ‘जून’च्या पोटात निळ्या बॉलपेनने ‘प’ घुसवलेला, आणि खाली सही.