आज्याचे बैल आणि यंत्राची ओळ: मराठवाड्यातल्या घराणे-लेखनाची पार्श्वभूमी

सप्टेंबर २०२३ मध्ये, मराठा आरक्षणाच्या मागणीवरून, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधायच्या कामाला लागली आणि मराठवाड्यात घरोघरी एकच प्रश्न सुरू झाला: खापरपणजोबाचं नाव काय? वंशावळ जोडायची तर पिढ्या सलग लागाव्या लागतात. माळ्यावरच्या ट्रंका खाली आल्या, भावकीचे व्हॉट्सअॅप ग्रुप निघाले, वीस वर्षं न बोललेले चुलतभाऊ एकमेकांना फोन करू लागले. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला सगळ्यांसाठी खुलं झालं होतं, म्हणजे मराठी मजकूर लिहून देणारं यंत्रही याच दिवसांत फोनवर आलं. नोंद शोधायला निघालेल्यांपैकी कित्येकांना आता घराण्याचा पुरा इतिहासच लिहावासा वाटतो आहे. तो यंत्राकडून लिहून घेतला जातो, छापला जातो आणि लग्नाकार्यात पाहुण्यांना वाटला जातो. अशा पाच-सहा पुस्तिका मी वाचल्या. मूळ गाव आणि आडनाव झाकलं तर कोणती कोणाची हे सांगता येणार नाही, इतक्या त्या सारख्या आहेत.

घराण्याची आठवण ठेवायचं काम आपल्याकडे कधीच एकट्या घरातल्या माणसांवर नव्हतं. गावोगाव फिरणारा भाट वंशावळ म्हणून दाखवायचा. बंजारा तांड्यावर हे काम ढाडीकडे असे. नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेलेल्या माणसाचं गाव आणि आडनाव विचारून तीर्थोपाध्याय बरोबर चोपडी काढायचे. त्यात आधी येऊन गेलेल्या आज्या-पणज्यांची नावं सापडायची. अशा चोपडीतली नोंद दोन ओळींची असते: मी अमुक, बाप तमुक, भाऊ इतके, लेक इतके, गाव हे. या नोंदीला शोभा नाही, पण कोणी सांगितलं आणि कधी सांगितलं हे त्यातच असतं. माझ्या मते घराण्याच्या कागदात मोलाचं काही असेल तर एवढंच.

रचलेला इतिहासही यंत्राने आणलेला नाही. पाटीलकी-कुलकर्णीपणाच्या वतनाचा तंटा उभा राहिला की पक्षकार आपली हकिकत लिहून द्यायचे. करीना आणि कैफियत या नावांनी ते कागद आजही दप्तरांत आहेत. आपलं घराणं किती जुनं, कोणत्या बादशहाने काय दिलं, भाऊबंदांनी कसं लुबाडलं, सगळं ओघाने आणि आपल्या बाजूने. जिंकण्यासाठी बनावट महजर, म्हणजे सभेपुढच्या निवाड्याचे कागद, तेसुद्धा तयार व्हायचे. अमेरिकेत गुस्ताव आंजू नावाच्या माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीमंतांना खोट्या वंशावळी करून विकल्या. त्या इतक्या पसरल्या की तिथले अभ्यासक अजून त्या निस्तरतायत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची अस्सल कागदपत्रं छापत गेले आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, त्यामागे हीच तळमळ होती. बखर वाचायला गोड असते, पण तिच्यासमोर त्या वेळचं एखादं चिठोरं आलं तर खरं चिठोऱ्याचं धरायचं. यंत्राने लिहिलेला घराण्याचा इतिहास मला बखरीच्या जातीचा वाटतो. बखर निदान कोणीतरी लिहिलेली असायची.

त्याहून जुना धडा आपल्या गोदाकाठी वाढलेल्या महानुभावांचा आहे. चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करताना म्हाइंभटाने ज्यांनी स्वामींना पाहिलं त्यांना गाठून विचारलं. पुढे 'लीळाचरित्रा'च्या पोथ्यांत एकाच लीळेबद्दल दोघांची आठवण वेगळी असेल तर ती वेगळी म्हणूनच नोंदली गेली. तेराव्या शतकातल्या माणसांना ही शिस्त सुचली होती.

आता मराठवाड्याचे कागद. हा भाग १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. तिथे १८८० च्या दशकात सरकारी भाषा फारसीची उर्दू झाली. गावात माली पाटील, पोलीस पाटील आणि पटवारी. खासगी हिशेब आणि पत्रं मोडीत. जमिनीची नोंद शोधायला गेलात तर १९५४ चं खासरा पाहणी पत्रक हाती लागतं, त्याच्या मागे जायचं तर उर्दू आणि मोडी दोन्ही वाचणारं माणूस शोधा, नाहीतर थेट हैदराबादच्या पुराभिलेखागाराची वाट धरा. काळाची मोजणीही वेगळी. कागदावर फसली सन, म्हणजे निजामाच्या महसुली कारभाराचं वर्ष, असतं. इसवी सन काढायला त्यात ५९० मिळवायचे, आणि वर्ष ऑक्टोबरात बदलत असल्यामुळे एका वर्षाचा फरक ध्यानात ठेवायचा. जिल्हेही तेव्हा पाचच होते. जालना १९८१ ला, लातूर १९८२ ला आणि हिंगोली १९९९ ला झाला, म्हणून १९३० च्या कागदावर 'जिल्हा लातूर' दिसलं तर तो कागद मागाहून केलेला समजावा. जन्मतारखेचं तर सांगायलाच नको. शाळेत घालताना मास्तरांनी १ जून टाकली, आणि एका घरातली चार भावंडं कागदावर १ जूनला जन्मली.

शिवाय कागद टिकायलाही हवेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि दगडामातीच्या माळवदांखाली हजारो माणसं गेली, त्यांच्याबरोबर सांगणाऱ्या तोंडांची एक पिढी गेली. पैठणला नाथसागर भरला तेव्हा गावं उठली. बहात्तरच्या दुष्काळात माणसं खडी फोडायला गेली, पुण्या-मुंबईकडे गेली. आमच्याकडच्या बहुतेक घराण्यांची गोष्ट म्हणूनच सलग नाही. तिला भोकं आहेत.

आणि यंत्राचं काम नेमकं उलट चालतं. लाखो मजकुरांवरून पुढचा शब्द कोणता शोभेल हे ते शिकलेलं असतं. त्याला जागा मोकळी सोडवत नाही. न सांगितलेलं ते शोभेलशा शब्दांनी भरतं. माझ्या चुलतभावाने एका जमिनीच्या कागदाचं भाषांतर यंत्राला दिलं आणि घराण्याची सुरुवात लिहायला सांगितली. कागदावर १३४४ होतं. उत्तर आलं की आमचं घराणं चौदाव्या शतकात, दौलताबादेत तुघलकांचा अंमल असताना, या मुलखात स्थिरावलं. वाचून अंगावर काटा यावा असा परिच्छेद होता. कागद १३४४ फसलीचा, म्हणजे १९३४-३५ चा. सहाशे वर्षं एका परिच्छेदात वाढली आणि भावकीच्या ग्रुपवर पन्नास जणांनी हात जोडले.

दुसरा प्रसंग मला जास्त लागला. आमच्या आत्याबाई नव्वदीकडे झुकलेल्या. रझाकाराच्या काळाबद्दल त्यांनी सांगितलेलं रेकॉर्ड करून ठेवलं होतं. त्यातलं वाक्य असं: "तुमचा आजा रातीचा निघाला बार्शीकडं. दोन्ही बैल घेऊन गेलता. दोन म्हैन्यानं आला तवा एकच बैल व्हता संगं." बार्शी तेव्हा निजामाच्या हद्दीबाहेर, म्हणून सीमेजवळची कितीतरी घरं तिकडे गेली. हे रेकॉर्डिंग यंत्रात घालून तयार झालेल्या पुस्तिकेत आलं ते असं: त्यांनी सीमेवरील कॅम्पात दाखल होऊन हैदराबाद मुक्तिसंग्रामात धैर्याने सहभाग घेतला. कॅम्प खरोखर होते आणि लढणारेही होते. आजा त्यांत होता असं आत्याबाई कधी म्हणाल्या नाहीत. दोन बैल मात्र पुस्तिकेतून नाहीसे झाले. ज्यांनी खरंच कॅम्पात दिवस काढले त्यांच्या पोरांनी हे वाचून काय समजावं?

म्हणून यंत्र टाकून द्या असं मी म्हणत नाही. आत्याबाईंचं चार तासांचं बोलणं कागदावर उतरवायला मला महिना लागला असता, त्याने काही मिनिटांत कच्चा मसुदा दिला. छापील उर्दूचा मतलब ते बरा सांगतं. १९५० च्या अमेरिकी जनगणनेची हाती लिहिलेली नावं २०२२ मध्ये अँसेस्ट्री या कंपनीने यंत्राकडूनच वाचून घेतली. मोडीचं मात्र अजून जड आहे. मोडी अक्षरांना युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या यादीत, जागाच २०१४ मध्ये मिळाली, आणि घसटलेल्या मोडीपुढे यंत्र अडखळलं तरी न थांबता काहीतरी वाचून देतं. मोडीचा कागद मोडी जाणणाऱ्यालाच दाखवावा.

आम्ही भावकीत आता असं ठरवलं आहे की यंत्राने उतरवलेला मजकूर वेगळ्या वहीत राहील आणि वर तसं लिहिलेलं असेल. पुस्तिकेतल्या प्रत्येक गोष्टीखाली सांगणाऱ्याचं नातं आणि तारीख येईल: थोरली आत्या, २०२४ चा चैत्र. कागदाचा फोटो असेल तर तो शेजारीच. हयात माणसांची आजारपणं, सोडचिठ्ठ्या, वाटणीची भांडणं यंत्रात घालायची नाहीत. ती माहिती ज्याची त्याची आहे. आणि जिथे माहीत नाही तिथे 'माहीत नाही' असंच छापायचं. याला घरात विरोध झाला. एक काका म्हणाले, "अरे, पाहुणे वाचतील, बरं दिसंल का ते?"

गेल्या महिन्यात आत्याबाईंकडे पुन्हा गेलो आणि दुसऱ्या बैलाचं विचारलं. बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिल्या. "इकला म्हणायचे बार्शीच्या बाजारात. आई म्हणायची, वाटंतच मेला. काय की, बाबा." पुस्तिकेत दोन्ही घेतलं आहे: विकला, आजोबांच्या तोंडून, मेला, आजीच्या.