किमो, उलटी आणि मागे राहिलेली मळमळ

सिसप्लॅटिन या किमोच्या, म्हणजे कर्करोगावरच्या औषधाला अमेरिकेत डिसेंबर १९७८मध्ये परवानगी मिळाली. वृषणाचा कर्करोग शरीरभर पसरला तरी या औषधाने बरा होऊ लागला होता. पण ते घेणाऱ्या शंभरांतल्या नव्वदहून अधिक जणांना उलट्या होत, त्याही एक-दोन नव्हेत. १९८३ साली ऑस्ट्रेलियात ॲलन कोट्स आणि सहकाऱ्यांनी रुग्णांनाच विचारलं, की किमोत सगळ्यांत जास्त त्रास कशाचा होतो? पहिलं उत्तर उलट्या, दुसरं मळमळ. केस गळणं त्यांच्या मागे.

उलट्यांनी हैराण झालेल्या माणसाला पुढच्या खेपेला सलाइन लागायच्या आधीच उमासे येतात. स्पिरिटचा वास, वॉर्डाचं दार, कधी नुसती रिक्षा त्या वळणावर आली तरी पुरतं. एकदा ही सवय जडली की औषधं तिच्यापुढे फिकी पडतात. म्हणून उलटी झाल्यावर गोळी देण्यात अर्थ नाही, ती होऊच द्यायची नाही, हे डॉक्टरांच्या अंगवळणी पडलं.

पण द्यायचं काय? १९८१मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड ग्राला यांनी मेटोक्लोप्रमाइड हे उलटीवरचं जुनंच औषध धाडसी मात्रेत वापरून पाहिलं. एरवी दहा मिलिग्रॅम पुरतं, इथे वजनाच्या दर किलोला दोन मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला एका वेळी १२०, आणि तेही दर थोड्या तासांनी पुन्हा. उलट्या आटोक्यात आल्या, मात्र काहींची, विशेषतः तरुणांची, मान वाकडी होई, जबडा आवळला जाई. गंमत अशी, की मेटोक्लोप्रमाइड डोपामिन हे मेंदूत निरोप पोचवणारं रसायन अडवतं म्हणून काम करतं अशी समजूत होती, पण डोपामिन त्याहून जोरात अडवणारी औषधं सिसप्लॅटिनपुढे लंगडी पडत.

कोडं सुटलं ते फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यामुळे. प्रयोगशाळेतल्या उंदराला उलटी होतच नाही, फेरेटला होते. १९८६मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी सिसप्लॅटिन दिलेल्या फेरेटांत सेरोटोनिन या तशाच निरोप्या रसायनाचा एक विशिष्ट ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची निरोप घेणारी जागा) बंद केला, आणि उलट्या थांबल्या. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन मेंदूत नसून आतड्याच्या अस्तरात असतं. किमोने त्या पेशी दुखावल्या की ते बाहेर पडतं आणि पोटातून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस नर्व्हमार्फत मेंदूला वर्दी जाते. मेटोक्लोप्रमाइडची जादूही मोठ्या मात्रेत हाच ग्राहक अडवण्यात होती. त्यातून आलेलं ऑन्डॅन्सेट्रॉन १९९१मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. आपल्याकडे प्रवासात उलट्या होणाऱ्या पोरालाही सर्रास दिली जाणारी ‘एमसेट’ ती हीच.

पहिला दिवस सुधारला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, रुग्ण घरी गेल्यावर सुरू होणाऱ्या उलट्यांवर मात्र तिचा फारसा इलाज चालेना. तिथे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड उपयोगी पडे. शिवाय मेंदूत उलटीचा निरोप पोचवणारा ‘सबस्टन्स पी’ हा पदार्थ अडवणारं अप्रेपिटंट २००३मध्ये आलं. तो पदार्थ १९३१पासून माहीत होता, औषध व्हायला सत्तर वर्षं गेली.

या सगळ्यात मळमळ मात्र मागेच राहिली. माझ्या मते कारण साधं आहे: उलट्या मोजता येतात, मळमळ रुग्णाच्या शब्दावर घ्यावी लागते. फोडणीचा वास आला की तोंड फिरवणाऱ्या, चार दिवस पेजेवर काढणाऱ्या बाईची नोंद ‘उलटी नाही’ अशीच होते.

मळमळीवर चांगलं चाललं ते ओलान्झापिन, मुळात स्किझोफ्रेनियावरचं. नाव इंटरनेटवर शोधून नातेवाईक दचकतात, “वेड्याचं औषध का दिलंय?” म्हणून. २०१६मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने त्याचा उपयोग दाखवला, पण दहा मिलिग्रॅमने माणूस दिवसभर पेंगतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये मग २.५ आणि १० मिलिग्रॅमची तुलना झाली. २०२४मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: उलट्यांवर छोटी मात्रा मोठीइतकीच चालली, आणि दिवसाची गुंगी बरीच कमी झाली.