आवाज गेला नाहीये, भलतीकडे गेलाय

कॉम्प्युटरचा आवाज बंद झाला की घरात पहिलं वाक्य येतं "ड्रायव्हर उडाला वाटतं" (ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि आवाजाची चिप यांची गाठ घालून देणारा प्रोग्राम) आणि दुसरं "फॉरमॅट मारावा लागेल" (म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायचं). ही दोन्ही वाक्यं नक्की काय बिघडलंय ते कोणी बघायच्या आधीच बोलून झालेली असतात. फॉरमॅट मारून आवाज येतोही कधी कधी, पण का आला ते कळत नाही त्यामुळे पुढच्या वेळी परत फॉरमॅट. खरं बघायला गेलं तर आवाज तयारच होत नाहीये असं फार कमी वेळा असतं, बहुतेक वेळा तो व्यवस्थित तयार होत असतो पण वाटेत कुठेतरी अडकलेला असतो नाहीतर भलत्याच दारात जाऊन उभा असतो, आणि तो कुठपर्यंत पोचलाय हे स्क्रू ड्रायव्हर हातात न घेता शोधता येतं.

आधी ही वाट कशी असते ते बघू. तुम्ही गाणं लावलं की ब्राउझर किंवा प्लेअर त्या फाईलमधून आकडे काढायला लागतो, नुसते आकडे. सीडीच्या हिशोबाने सेकंदाला ४४,१०० आकडे, तेही डाव्या बाजूचे वेगळे आणि उजव्या बाजूचे वेगळे, प्रत्येक आकडा १६ बिटचा (बिट म्हणजे एक ० किंवा १), म्हणजे सेकंदाला १४ लाखांपेक्षा जास्त बिट. एवढे कशाला? तर माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २०,००० कंपनं, इथपर्यंत ऐकतो (चाळिशीनंतर तेवढंही नाही, ते असो), आणि नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक सिद्धांत असं सांगतो की लहर परत जशीच्या तशी उभी करायची असेल तर सेकंदाला तिच्या फ्रिक्वेन्सीच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा मोजमाप घ्यावं लागतं. २० हजारांची दुप्पट ४० हजार, वर फिल्टरला थोडी जागा, असा तो आकडा. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली ती हाच आकडा घेऊन, व्हिडिओवाल्यांनी मात्र ४८,००० धरला.

हे सगळे आकडे विंडोजच्या मिक्सरकडे जातात आणि तिथे व्हिडिओचे, मीटिंगचे, मेसेजच्या टिंगचे आकडे अक्षरशः बेरीज करून एक केले जातात. मग ड्रायव्हर ती बेरीज मदरबोर्डवरच्या, म्हणजे मशीनमधल्या मुख्य सर्किट बोर्डवरच्या, एका छोट्या चिपकडे देतो, तिला कोडेक म्हणतात, घरगुती मशीनमध्ये बऱ्याचदा ती रिअलटेक कंपनीची असते. चिप त्या आकड्यांचे विजेचे चढउतार करते, ॲम्प्लिफायर ते मोठे करतो, आणि स्पीकरमधली तारेची कॉइल चुंबकापाशी पुढेमागे हलून कोनला, म्हणजे स्पीकरच्या पुढच्या पडद्याला, ढकलते. हवा हलते ती इथे, त्याच्याआधी सगळा मामला आकड्यांचा आणि विजेचा.

आता एवढ्या लांब वाटेत एका टोकापासून एकेक गोष्ट तपासत बसलं तर संध्याकाळ जाते. त्यापेक्षा बरोब्बर मधे जाऊन बघायचं. विंडोजमध्ये मधली जागा बघायची सोय आहे आणि ती लोकांना माहीतच नसते. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर राईट क्लिक करा, साऊंड सेटिंग्ज उघडा, अकरा नंबरच्या विंडोजमध्ये अगदी खाली "मोअर साऊंड सेटिंग्ज" असतं, दहामध्ये "साऊंड कंट्रोल पॅनल", ते उघडलं की जुन्या पद्धतीची एक छोटी खिडकी येते आणि तिच्यात "प्लेबॅक" नावाचा टॅब असतो. आता एखादं गाणं लावून ठेवा आणि या यादीकडे बघा. प्रत्येक डिव्हाईसच्या शेजारी एक उभी पट्टी असते, आवाज जात असेल तर ती हिरवी होऊन वरखाली नाचते. पट्टी कुठेच नाचत नाहीये म्हणजे घोळ अलीकडे आहे, ॲप किंवा विंडोजमध्ये. नाचतेय पण तुमच्या स्पीकरच्या नावापुढे नाही, म्हणजे आवाज भलतीकडे चाललाय. आणि तुमच्याच स्पीकरपुढे नाचतेय, म्युट वगैरे काही नाही, तरी खोली शांत, मग घोळ बहुतेक पलीकडे, चिप, जॅक, वायर किंवा स्पीकर.

अलीकडचा घोळ सगळ्यात सोपा. ब्राउझरचा टॅब म्युट असतो, व्हिडिओमधलाच स्पीकर बंद असतो, लॅपटॉपवर कोणीतरी एफएन (Fn) लिहिलेलं बटण दाबून म्युटचं बटण दाबलेलं असतं. व्हॉल्युम मिक्सर उघडून बघा, प्रत्येक ॲपचा आवाज तिथे वेगळा कमीजास्त करता येतो. ही सोय विंडोज व्हिस्टापासून आली, म्हणजे घराघरात २००७ पासून, आणि सोयीची आहेच, पण तेव्हापासून एकट्या ब्राउझरचा आवाज शून्य आणि बाकी सगळं ठणठणीत असाही प्रकार शक्य झाला. त्याच जुन्या खिडकीत "कम्युनिकेशन्स" नावाचा टॅब आहे. विंडोजला वाटलं की कॉल चालू आहे, की ते बाकीच्या ॲप्सचा आवाज आपणहून ८० टक्के कमी करतं आणि हेच सेटिंग मुळात चालू असतं. मीटिंग संपली, ॲप मागे तसंच उघडं राहिलं, आणि गाणं एकदम दबक्या आवाजात, अशी तक्रार असेल तर तिथे "डू नथिंग" निवडा. मला हे सेटिंग कधीच पटलेलं नाही, न विचारता कोणी माझा आवाज का कमी करावा.

पण सगळ्यात जास्त केसेस मधल्या, आवाज भलतीकडे जाण्याच्या. कल्याणला जशी लाईन फुटते, एक कसाऱ्याला आणि एक कर्जतला, गाडी रद्द झालेली नसते, ती फक्त दुसऱ्या फाट्याने गेलेली असते आणि तुम्ही आसनगावला उभं राहून वाट बघत बसता, तसं. नवीन मॉनिटर आणला, एचडीएमआयने जोडला, आणि स्पीकर बंद झाले, हे तर इतकं कॉमन आहे की मॉनिटरच्या खोक्यावरच छापायला हवं. एचडीएमआयची वायर चित्र आणि आवाज दोन्ही नेते. जोडल्याबरोबर मॉनिटर कॉम्प्युटरला स्वतःची माहिती पाठवतो, माझं रिझोल्युशन एवढं, मला आवाज चालतो, वगैरे. पुष्कळ मॉनिटर्सना स्पीकर नसतातच, मागे फक्त हेडफोनचं भोक असतं, तरी ते "चालतो" असंच सांगतात, कारण त्या भोकातून आवाज काढायचा असतो ना. विंडोजला वाटतं बरं झालं, नवीन आवाजवाला आला, आणि त्यालाच डिफॉल्ट, म्हणजे न सांगता आवाज जायचं ठिकाण, करून टाकतं. आता सगळी गाणी मॉनिटरच्या पाठीतल्या रिकाम्या भोकात. जुन्या निळ्या व्हीजीए वायरने हा प्रॉब्लेम कधी यायचा नाही कारण तिच्यातून आवाज जातच नाही. उपाय सोपा, प्लेबॅकच्या यादीत आपला स्पीकर निवडून "सेट डिफॉल्ट" करायचं, आणि मॉनिटरचं नाव परत परत आडवं येत असेल तर राईट क्लिक करून ते डिसेबल करून टाकायचं.

ब्लूटूथचा फाटा अजून वेगळा. एक म्हणजे इयरफोन दुसऱ्या खोलीत उशीखाली चालू असतात आणि आवाज तिकडे. दुसरं जरा आतलं आहे. ब्लूटूथ हेडसेट साधारणपणे दोन पद्धतींनी चालतो, एक गाण्यासाठी, चांगल्या क्वालिटीची, स्टिरिओ, पण तिच्यात माईक चालत नाही, आणि दुसरी फोनसाठी, माईकसकट, पण आवाज मोनो (दोन्ही कानांना एकच) आणि सेकंदाला ८,००० किंवा १६,००० आकड्यांचा. कुठल्याही ॲपने माईक मागितला की हेडसेट दुसऱ्या पद्धतीवर जातो आणि गाणं एकदम डब्यातून आल्यासारखं होतं. विंडोज दहामध्ये तर एकाच हेडसेटची दोन नावं दिसतात, कॉल चालू असताना "हेडफोन्स" वालं निवडलं तर काही ऐकू येत नाही आणि माणूस हेडसेट खराब म्हणून दुकानात घेऊन जातो. तेव्हा "हँड्स फ्री" लिहिलेलं निवडायचं.

आता पलीकडचा, म्हणजे पट्टी नाचतेय पण आवाज नाही. इथे खरी मजा आहे कारण इथे फिजिक्स हाताने तपासता येतं. घरोघरी असतात तसे दोन वायरींचे छोटे स्पीकर घ्या, यूएसबीची वायर फक्त वीज घ्यायला आणि हिरव्या टोकाची पिन आवाज घ्यायला (यूएसबी लावली की झालं असं समजून पिन तशीच लोंबत ठेवणारेही असतात). स्पीकरची वीज चालू ठेवून, आवाज कमी करून, ती पिन कॉम्प्युटरमधून काढा आणि तिच्या टोकाला बोट लावा. घूं असा आवाज किंवा खरखर आली पाहिजे. हा घूं म्हणजे घरातल्या वायरिंगचा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तुमचं शरीर अँटेनासारखं ती सूक्ष्म लहर पकडतं आणि स्पीकरमधला ॲम्प्लिफायर ती मोठी करून ऐकवतो. घूं आला म्हणजे स्पीकर, ॲम्प्लिफायर, वायर सगळे जिवंत, प्रॉब्लेम कॉम्प्युटरच्या बाजूला. काहीच नाही आलं तर हेडफोनच्या जॅकवाल्या एखाद्या मोबाईलला पिन लावून खात्री करून घ्या. साध्या हेडफोनवर मात्र बोटाची ही टेस्ट चालत नाही, त्यात ॲम्प्लिफायर नसतो.

जॅक कुठला ते पण बघा, हिरवा आवाज बाहेर यायचा, गुलाबी माईकचा, निळा बाहेरून आत आवाज घ्यायचा. टेबलाखाली अंधारात वाकून लावताना गुलाबीत पिन जाते आणि ती तिथे छान बसतेसुद्धा. आणि असेंबल केलेल्या पीसीमध्ये पुढच्या बाजूचे जॅक कधी कधी आतून जोडलेलेच नसतात, ती केबिनेटची वायर मदरबोर्डला लावायची राहून गेलेली असते, म्हणून आधी मागच्या हिरव्या जॅकला लावून बघा.

लॅपटॉपच्या जॅकमध्ये एक वेगळाच लोचा होतो. पिन घातली की आतली एक बारीक पत्ती सरकते आणि तिच्यामुळे चिपला कळतं की हेडफोन आला, लॅपटॉपचे स्पीकर बंद करा. घाण, धूळ, पावसाळ्याची दमट हवा यामुळे ती पत्ती अडकली की हेडफोन काढला तरी लॅपटॉपला वाटतं तो आहेच. खूण अशी की काही लावलेलं नसताना यादीत हेडफोन दिसतो. दहाबारा वेळा पिन आतबाहेर करून, जरा गोल फिरवून बऱ्याचदा पत्ती सुटते. टाचणी घालू नका. जुन्या मॅकबुकमध्ये तर अशा वेळी जॅकमधून लाल उजेड दिसतो, कारण त्याच भोकातून प्रकाशाने आवाज पाठवायचीही सोय असायची आणि मशीनला वाटतं की तीच वायर लावलीय.

आणि एक प्रकार असा की गाणं येतं पण गाणारी गायब, नुसती व्हायोलिनं आणि तबल्याची लांबून आल्यासारखी थाप. हे भुताटकी नाही. पिन अर्धवट बसली की किंवा वायर तुटायला आली की दोन्ही कानांची सामायिक परतीची वायर, जिला ग्राउंड म्हणतात, ती सुटते. मग करंट डाव्या स्पीकरमधून उजव्यातून असाच वाहतो आणि ऐकू येतो तो दोन बाजूंमधला फक्त फरक. गायकाचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये मधोमध ठेवतात म्हणजे दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे फरक शून्य. वाद्यं डावी-उजवीकडे पसरलेली असतात म्हणून उरतात. १९५० च्या दशकातलं मोनो गाणं लावलंत तर जवळजवळ सगळंच गायब होईल, कारण तिथे दोन्ही बाजू हुबेहूब एकच. पिन नीट आत दाबा, गायिका परत येते.

ड्रायव्हरचा नंबर एवढं सगळं झाल्यावर. तोही बिघडतो, नाही असं नाही, विशेषतः विंडोज अपडेटनंतर. पण आधी रीस्टार्ट करा, आणि मुद्दाम रीस्टार्ट म्हणतोय, शट डाऊन करून चालू नाही. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची गोष्ट आहे, तिच्यामुळे शट डाऊनमध्ये विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर्स जसे असतील तसे डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि सकाळी तेच परत उचलले जातात, म्हणजे कालचा अडकलेला ड्रायव्हर आजही अडकलेलाच. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. तरी नाही झालं तर डिव्हाईस मॅनेजर नावाच्या विंडोजमधल्या डिव्हाईसच्या यादीत साऊंडखालच्या डिव्हाईसच्या प्रॉपर्टीजमध्ये "रोल बॅक ड्रायव्हर" बघा, किंवा डिव्हाईस अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा, विंडोज स्वतःचा साधा ड्रायव्हर लावतं आणि बऱ्याचदा तो चालतो.

आजकालच्या लोकांचं त्यामानाने बरं आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीत नुसता बीप करणारा स्पीकर होता, १९८९ मध्ये साऊंड ब्लास्टर कार्ड आलं तेव्हा ते मशीनमध्ये बसवायचं तर कुठली इंटरप्ट लाईन (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची तार) मोकळी आहे ते आपणच बघून कार्डवरचे छोटे जंपर हलवायला लागायचे, चुकलं की प्रिंटरशी भांडण.

सॉफ्टवेअर की हार्डवेअर हे शेवटचं ठरवायचं असेल तर पेन ड्राइव्हवर उबुंटूसारखं लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी वेगळी सिस्टीम) टाकून मशीन त्याच्यावरून चालू करा, इन्स्टॉल करायचं नाही, फक्त "ट्राय" निवडून एक व्हिडिओ लावायचा. तिथे आवाज आला म्हणजे चिप चांगली आहे आणि विंडोजमध्ये काहीतरी आहे, आता खुशाल फॉरमॅट मारा. तिथेही नाही आला आणि स्पीकर ठीक असल्याची खात्री झालेली असेल तर चिप किंवा जॅक गेला असण्याची शक्यता जास्त, तरी मदरबोर्ड बदलायच्या भानगडीत पडू नका. यूएसबीचं छोटं साऊंड कार्ड दोन-तीनशे रुपयांत मिळतं, त्याच्या आत स्वतःची चिप असते त्यामुळे मदरबोर्डवरचं काहीच लागत नाही, ड्रायव्हरची सीडीही नाही. त्याला एक हिरवा आणि एक गुलाबी जॅक असतो, स्पीकर हिरव्यात लावा, आणि प्लेबॅकच्या यादीत डिफॉल्ट तेच झालंय ना ते बघा.