गुगली जन्माला आली टेबलावर

आजकाल गुगली हा शब्द मॅचपेक्षा राजकारणाच्या बातम्यांतच जास्त दिसतो, कोणी आडून प्रश्न विचारला की झाली 'गुगली'. आमच्या गल्लीत तर टेनिस बॉल जरा वळला की टाकणारा ओरडायचा गुगली, बहुतेक वेळा तो साधा ऑफब्रेक (उजव्या बॅट्समनकडे आत वळणारा बॉल) असायचा, तोही खड्ड्यात पडून वळलेला.

खरी गुगली म्हणजे लेगस्पिनरचा चकवा. त्याचा नेहमीचा बॉल म्हणजे लेगब्रेक, तो उजव्या बॅट्समनपासून बाहेर जातो. गुगलीला हात तसाच फिरतो, पण मनगट अजून वळवलेलं असतं, हाताची मागची बाजू बॅट्समनकडे येते, बॉल करंगळीच्या बाजूने सुटतो आणि टप्पा पडल्यावर आत घुसतो. मनगट वाचता आलं नाही की संपलं.

हे डोकं बर्नार्ड बोसांके ह्या इंग्रजाचं. आणि गंमत म्हणजे सुरुवात टेनिस बॉलनेच झाली! १८९७ च्या आसपास तो 'ट्विस्टी-ट्वॉस्टी' नावाचा खेळ खेळायचा, टेबलाच्या दोन टोकांना दोघं बसायचे आणि बॉल टेबलावर असा फिरवून टाकायचा की समोरच्याला पकडताच येऊ नये. तीच ट्रिक त्याने हळूहळू पिचवर आणली. १९०० साली लॉर्ड्सवर लेस्टरशायरचा सॅम्युअल को ९८ वर खेळत होता, बोसांकेचा बॉल चक्क चार टप्पे पडत आला आणि को स्टंपिंग झाला, म्हणजे पहिली नावाजलेली गुगली विकेट ही अशी, लोक हसले असणार नाहीतर काय.

१९०४ ला मात्र सिडनीत ह्याच बोसांकेने ५१ रन्समध्ये ६ विकेट काढल्या आणि इंग्लंडने अ‍ॅशेस, म्हणजे ऑस्ट्रेलियाविरुद्धची टेस्ट मालिका, परत मिळवली. ऑस्ट्रेलियात ह्या बॉलला 'बोसी' असंही नाव पडलं, त्याच्याच नावावरून. गुगली हा शब्द नक्की कशावरून आला ह्यावर मात्र एकमत नाही.

बोसांकेचा मित्र रेजी श्वार्झ ही विद्या दक्षिण आफ्रिकेत घेऊन गेला, तिथे चार-चार गुगलीवाले तयार झाले आणि १९०५-०६ ला त्यांनी इंग्लंडला ४-१ ने धुतलं. १९४८ ला ओव्हलवर ऑस्ट्रेलियाचा ब्रॅडमन टेस्टमधल्या शेवटच्या इनिंगला शून्यावर बोल्ड झाला, सरासरी ९९.९४ वर अडकली, तो इंग्लंडच्या एरिक हॉलिसचा बॉलसुद्धा गुगलीच.

आपल्याकडे ह्यातला उस्ताद म्हणजे मुंबईचा सुभाष गुप्ते, ३६ टेस्टमध्ये १४९ विकेट, आणि ह्या माणसाकडे गुगली एक नाही, दोन प्रकारच्या होत्या.